सुई टोचण्याआधीचा 'खेळ': नेमका कोणता?

मुलांना सुई टोचताना मानसिक उपाय कितपत उपयोगी पडतात, यावरचा कॉक्रेनचा २०१८चा आढावा जरूर वाचा. ५९ चाचण्या, ५,५५० सहभागी, वय २ ते १९. लक्ष दुसरीकडे वळवलं की वेदना कमी जाणवते असं दिसतं, पण पुराव्याचा दर्जा 'कमी' किंवा 'अत्यंत कमी'. एक कारण सरळ आहे: औषधाऐवजी नुसती साखरेची गोळी दिली तर कळत नाही, कार्टून लावलंय की नाही, हे मुलाला कळतंच ना!

माझा आक्षेप वेगळा आहे. 'खेळ' या नावाखाली आपण दोन उलट्या गोष्टी एकाच डब्यात टाकतो. सलाईनची सुई लावताना साबणाचे फुगे उडवायला दिले, तर मूल सुईपासून लांब जातं. आदल्या दिवशी बाहुलीला खोटं इंजेक्शन द्यायला लावलं, तर ते सुईच्या जवळ येतं, आणि टोचणारं तेच असतं. पहिल्याचा परिणाम त्या दोन मिनिटांच्या वेदनेत मोजता येईल. दुसऱ्याचा बहुधा पुढच्या खेपेला शोधावा लागेल: मूल दारातच रडायला लागतं का? दोन्हींना वेदनेचं एकच स्केल लावलं, तर बाहुलीवर अन्याय होतो. तेव्हा प्रपोजलमध्ये नुसतं 'प्ले इंटरव्हेन्शन' लिहून नेलंत, तर गाइड विचारणारच: कधी, आणि सुई कुणाच्या हातात?