‘निम्म्यांना ऑपरेशन लागतच नाही’ हे वाक्य मी का मागे घेतोय

गेल्या भागात बोलण्याच्या ओघात मी म्हणून गेलो, “एसीएल फाटलं तरी निम्म्या लोकांना ऑपरेशन लागतच नाही.” दोन दिवसांनी सांगलीकडच्या मावसभावाचा व्हॉइस नोट आला: “दादा, मग मी करूच नको ना?” तो तेवीस वर्षांचा आहे, तालुक्याच्या संघातून कबड्डी खेळतो. पकडीत गुडघा पिरगळला त्याला आठ महिने झाले. मी डॉक्टर नाही, इंग्लंडात बायोमेकॅनिक्समध्ये पोस्टडॉक करणारा माणूस आहे. पण वाक्य माझं होतं. म्हणून मूळ पेपर पुन्हा काढून वाचला.

पेपर म्हणजे स्वीडनची ‘कॅनन’ ट्रायल. लुंडच्या रिचर्ड फ्रोबेल आणि सहकाऱ्यांनी ती २०१० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापली. १८ ते ३५ वयाचे १२१ जण घेतले, दुखापत चार आठवड्यांच्या आतली. ६२ जणांना फिजिओथेरपी आणि लवकर शस्त्रक्रिया. ५९ जणांना आधी फिजिओथेरपी, गुडघा दगा देत राहिला तर नंतर शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी दोन्ही गटांची सुधारणा शंभरपैकी साधारण ३९ गुणांची, फरक जवळजवळ शून्य. पाच वर्षांनंतर ५९ पैकी ३० जणांनी ऑपरेशन करून घेतलेलं होतं.

माझं ‘निम्मे’ आलं ते इथून. ट्रायल उत्तम आहे, आजही माझ्या आवडत्या पेपरांपैकी एक. पण तिने ऑपरेशन विरुद्ध काहीच नाही अशी तुलना केलीच नव्हती. तुलना दोन धोरणांची होती, आणि फिजिओथेरपी दोन्हीकडे होती, तीही देखरेखीखालची, महिनोन्‌महिने चालणारी. ‘लागलं नाही’ ते या मेहनतीनंतर, आणि दार उघडं ठेवून. मी बोलताना हे सगळं गाळलं आणि आकडा तेवढा ठेवला.

गुण मोजले कशाने हेही बघायला हवं. कूस नावाची प्रश्नावली आहे, रुग्णाने स्वतः भरायची. कॅननने तिच्या पाचपैकी चार भागांची सरासरी घेतली. दैनंदिन हालचालींचा भाग वगळला, कारण तरुणांना त्यात फारसा त्रास नसतो. गंमत म्हणजे उकिडवं बसणं आणि गुडघे टेकणं या प्रश्नावलीत ‘खेळ आणि करमणूक’ या सदरात येतं! आमच्या मावशीच्या घरी अजून भारतीय पद्धतीचा संडास आहे. तिथे हा खेळ रोज सकाळी होतो.

आणि मुख्य चूक वेगळीच. भावाची दुखापत आठ महिन्यांची आहे, मैदान सोडा, जिना उतरतानाही गुडघा सटकतो. कॅननमध्ये असे लोक नव्हतेच. त्याच्या जवळची ट्रायल म्हणजे ब्रिटनमधली ‘स्नॅप’, २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेली: एनएचएसची २९ केंद्रं, ३१६ रुग्ण, जुनी दुखापत आणि टिकून राहिलेली अस्थिरता. अठरा महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या गटाचे सरासरी गुण ७३, फिजिओथेरपीच्या गटाचे ६४.६. फिजिओच्या गटातल्या ४१ टक्क्यांनी नंतर शस्त्रक्रिया करून घेतली. उलट शस्त्रक्रियेच्या गटातल्या २८ टक्क्यांनी ती केलीच नाही, हेही सांगायला हवं, नाहीतर मी पुन्हा तेच करेन.

दोन ट्रायल एकमेकींना खोडत नाहीत. रुग्ण वेगळे, प्रश्न वेगळा. ताज्या दुखापतीत थांबून बघण्यात फारसं नुकसान दिसलं नाही. महिने उलटूनही गुडघा सटकतोय तर थांबण्याची बाजू कमजोर होते. पेपर वाचणाऱ्याला हे पहिल्याच तक्त्यात दिसतं, कोणाला घेतलं आणि कोणाला नाही. पॉडकास्टमध्ये तो तक्ता कोणी वाचून दाखवत नाही. मीही नाही दाखवला.

भावाला फोन केला. “आठ महिन्यांत फिजिओ किती वेळा झालं?” म्हणाला, “तीनदा. मग त्यांनी व्यायामाच्या चित्रांची झेरॉक्स दिली.” म्हणजे स्वीडनमधल्या एकाही गटात तो बसत नाही. सर्जनला काय विचारायचं ते त्याला लिहून पाठवलंय: गादीला, म्हणजे मेनिस्कसला, इजा आहे का, आणि ऑपरेशननंतरचे व्यायाम कोण करून घेणार. दुसऱ्या प्रश्नावर त्याने लगेच उलट विचारलं, “ते पण तालुक्यालाच जाऊन करायचं का?”