निकामी इंजिनांचं देखणं कपाट

जे इंजिन खऱ्या रुळांवर धड दहा वर्षंही टिकलं नाही, त्याचं तळहातावर मावणारं मॉडेल लोक इतक्या हौसेनं का जमवतात? ब्रिटनमध्ये राहत असाल तर एखाद्या चर्च हॉलमधल्या मॉडेल रेल्वेच्या प्रदर्शनात हे तुम्ही पाहिलंही असेल. वाफेच्या इंजिनांभोवती पोराटोरांची गर्दी असते, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर कुणीतरी १९५०-६० च्या दशकातल्या विचित्र डिझेल इंजिनांची रांग मांडून बसलेलं असतं. हा छंद मला मोलाचा वाटतो. पण तो एका ठिकाणी चुकतो असंही वाटतं, आणि त्याबद्दलच बोलायचंय.

आधी पार्श्वभूमी. १९५५ साली ब्रिटिश रेल्वेनं सुमारे १२४ कोटी पौंडांची आधुनिकीकरण योजना आखली. निरनिराळ्या कंपन्यांकडून मिळून १७४ डिझेल इंजिनं नमुन्यादाखल घ्यायची, चालवून बघायची, मग त्यातली चांगली निवडायची, असा शहाणा बेत होता. प्रत्यक्षात चाचण्या पुऱ्या होण्याआधीच मोठ्या ऑर्डरी सुटल्या. आज कपाटात दिसणारी बरीचशी ‘दुर्मीळ’ इंजिनं या योजनेतून आली आहेत.

त्यातलं सगळ्यात चमत्कारिक म्हणजे मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सचं ‘को-बो’. एका टोकाला सहा चाकांची बोगी, दुसऱ्या टोकाला चारच चाकांची. आतल्या यंत्रांचं वजन एका बाजूला जास्त, म्हणून ही तजवीज. १९५८-५९ मध्ये अशी फक्त २० इंजिनं बनली. त्यात क्रॉस्ली कंपनीचं १२०० अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक इंजिन होतं आणि तेच सारखं बिघडायचं. हादऱ्यांनी ड्रायव्हरसमोरच्या गोलसर काचा निसटायच्या, म्हणून पुढे तिथं सपाट काचा बसवल्या. लंडन-ग्लासगो ‘कॉन्डोर’ मालगाडीला ही इंजिनं जोडीनं लावत. १९६१ मध्ये ती दुरुस्तीसाठी परत कंपनीकडे गेली आणि १९६८ पर्यंत सगळी बाद झाली. आज त्यातलं एकच उरलंय, डी ५७०५.

गंमत बघा, त्याच १९६१ साली हॉर्नबी डब्लोनं को-बोचं मॉडेल बाजारात आणलं. खरी इंजिनं कारखान्यात उघडून पडलेली, आणि घराघरात त्यांची पिल्लं सुरळीत फिरतायत! पुढे १९६६ च्या एका पुस्तकात रेव्हरंड ऑड्रींनी त्याला ‘बोको’ हे पात्रही केलं. थॉमसच्या गोष्टी ऐकत मोठे झाला असाल तर तुमची त्याच्याशी जुनी ओळख आहे.

आता माझा आक्षेप. मॉडेल जमवणारे बाह्यरूपाबाबत अतिशय काटेकोर असतात. हिरव्या रंगाची छटा, नंबरची जागा, काच गोल की सपाट, यावर तासन् तास वाद घालतात. ही शिस्त मला आवडते. काच गोल आहे की सपाट, यावरून ते इंजिन कुठल्या काळातलं आहे हे कळतं, म्हणजे मॉडेल हा एक प्रकारचा दस्तऐवज ठरतो. पण त्या काचा का बदलल्या, हा प्रश्न बहुतेक वेळा खोक्यातच राहतो. इंजिनाचं अपयश म्हणजे एक गमतीदार विशेषण होऊन बसतं, ‘विचित्र’, ‘दुर्मीळ’, आणि त्यावर किंमत चढते. पण तेव्हा गाडी मध्येच बंद पडली की डबे अडकायचे, शेडमधल्या माणसांचे हात काळे व्हायचे आणि पैसा जनतेचा जायचा.

‘कंपनीच अडाणी होती’ असं म्हणून सुटताही येत नाही. मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स हे नाव आपल्याकडच्या रेल्वेवेड्यांना ठाऊक असतं. १९२८ पासून मुंबईच्या घाटांत मालगाड्या ओढणाऱ्या ‘खेकडा’ इंजिनांची विजेची यंत्रणा त्यांचीच होती, आणि त्या इंजिनांनी कित्येक दशकं काम केलं. जाणती कंपनीही फसली. माझ्या मते कपाटातल्या या रांगेनं सांगायला हवी ती ही गोष्ट.

मॉडेलची मापंसुद्धा अशीच तडजोड लपवतात. ब्रिटिश एन गेजचं प्रमाण १:१४८, पण रूळ ९ मिलिमीटरचे. गुणून बघा: १३३२ मिलिमीटर. खरे रूळ १४३५ चे! म्हणजे सगळी इंजिनं जरा अरुंद रुळांवर उभी असतात. ज्यांना हे खुपलं त्यांनी १:१५२ प्रमाण आणि ९.४२ मिलिमीटरचे रूळ घेऊन वेगळी चूल मांडली. पुणे किंवा कल्याण शेडचं डब्ल्यूडीएम-२ करायला बसाल तर पेच आणखी वाढतो. भारताचा ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे १:१६० ला जवळजवळ साडेदहा मिलिमीटर रूळ लागतील. बाजारात मिळतात ९ चेच. तडजोड करायला हरकत नाही, पण ती केलीय हे माहीत असावं.

मग जमवावं की नाही? जरूर जमवा. फक्त ‘माझ्याकडे काय नाही’ या यादीवरून खरेदी करू नका, एखादा प्रश्न धरून करा. ‘त्या योजनेत काय काय विकत घेतलं गेलं?’ हा प्रश्न घेतलात तर तीन मॉडेलंही पुरतील. एक को-बो. एक क्लेटन, जी १९६२ ते ६५ मध्ये ११७ बनली आणि १९७१ अखेर सगळी बाद झाली. आणि एक ‘बेबी डेल्टिक’, मूळ दहाच होती, एकही उरलं नाही. प्रत्येकापुढे छोटी चिठ्ठी ठेवा: कधी आलं, काय बिघडलं, कधी गेलं. को-बो चालवायचंच असेल तर जोडीनं चालवा, कॉन्डोरसारखं.

रंग किती हुबेहूब आहे हे कपाट बघणारा दुसऱ्या दिवशी विसरेल. ही चिठ्ठी त्याच्या लक्षात राहील.