डाळिंबाच्या झाडाची साक्ष

५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत इराककडील संहारक शस्त्रांचे 'पुरावे' मांडले. त्या दिवसांत परिषदेच्या दालनाबाहेरची पिकासोच्या 'गेर्निका'ची विणलेली प्रतिकृती निळ्या पडद्याने झाकलेली होती. कॅमेऱ्यासाठी पार्श्वभूमी नीट दिसावी, असे कारण सांगण्यात आले. पुढे शस्त्रे काही सापडली नाहीत. पण युद्ध करायचे तर आधी कलेवर पडदा टाकावा लागतो, एवढे मात्र सिद्ध झाले.

२० मार्चला युद्ध सुरू झाले आणि ते आपल्या घरात दूरचित्रवाणीवरून आले. वार्ताहर सैन्याच्या तुकड्यांबरोबर फिरत होते. त्यामुळे तोफ डागणारा दिसे, तोफगोळा जिथे पडला ते घर क्वचितच दिसे. ८ एप्रिलला अल जझीराच्या बगदाद कार्यालयावर अमेरिकी हल्ला झाला, त्यात वार्ताहर तारिक अय्यूब ठार झाले. दुसऱ्याच दिवशी फिरदौस चौकात सद्दामचा पुतळा पडला आणि जगाने तेच चित्र युद्धाचा शेवट म्हणून पाहिले. भाष्यकारांच्या हाती हंटिंग्टनचा 'संस्कृतींचा संघर्ष' तयारच होता. इराकी माणूस त्यात एका संस्कृतीचा नमुना होऊन गेला.

याला उत्तर म्हणून आपल्याकडे जे बोलले आणि लिहिले जाते, तेही तपासायला हवे असे आम्हाला वाटते. व्यासपीठावरून बगदादचे नाव निघाले की हुलागू आणि १२५८ साल येते, करबला येते, उम्मतच्या जखमा येतात. त्यातला कळवळा खरा आहे. परंतु या भाषेतही इराकी माणसाला चेहरा नसतो. तिकडे तो संशयित असतो, इकडे शहीद. त्याचे नाव, त्याचा धंदा, त्याची आवडनिवड दोन्हीकडे कोणी विचारत नाही.

म्हणूनच सिनान अंतून यांची कादंबरी महत्त्वाची ठरते. अंतून १९६७ साली बगदादमध्ये जन्मले आणि १९९१ च्या आखाती युद्धानंतर देशाबाहेर पडले. त्यांची 'वहदहा शजरत अल-रुम्मान' ही अरबी कादंबरी २०१० साली आली; 'द कॉर्प्स वॉशर' हा तिचा इंग्रजी अनुवाद त्यांनी स्वतःच केला. नायक जवाद हा मय्यतीला गुसल देणाऱ्या शिया कुटुंबातला. त्याला शिल्पकार व्हायचे आहे. थोरला भाऊ इराणबरोबरच्या युद्धात गेलेला. बाप २००३ च्या बॉम्बवर्षावात जातो. नंतरच्या हिंसाचारात प्रेतांची रीघ लागते आणि जवादला बापाच्याच गुसलखान्यात उभे राहावे लागते. मातीला आकार देऊ पाहणारे हात मातीत जाणाऱ्यांना धुऊ लागतात.

बोरीच्या पानांचे पाणी, मग काफुराचे, मग साधे, मग कफन. हा क्रम आपल्या वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. कधी नुसते शिरच धुवायला येते, तेव्हा त्या क्रमाचे काय करायचे, हा प्रश्न कोणत्याही अग्रलेखापेक्षा खोल जातो. गुसलाचे पाणी अंगणातल्या डाळिंबाच्या झाडाच्या मुळांशी जाते. झाड बहरते, फळे धरते, साक्ष एवढीच.

अहमद सादावी यांच्या 'फ्रँकेन्स्टाईन इन बगदाद' या २०१३ च्या कादंबरीतला हादी हा भंगारवाला. स्फोटांत विखुरलेले अवयव तो एकत्र शिवतो, ते कचऱ्यात न जाता त्यांचे रीतसर दफन व्हावे म्हणून. पण ते शरीर उठते आणि सूड घेत सुटते. सूड पुरा झाला की तो तो अवयव सडतो, नवा लागतो. हळूहळू निरपराध आणि अपराधी यांचे मांस एकाच देहात मिसळते. सूडाच्या राजकारणावर याहून नेमके भाष्य आमच्या वाचनात नाही.

या कादंबऱ्या निर्दोष नाहीत. अंतून यांच्याकडे दुःस्वप्ने वारंवार येतात आणि त्यांची धार कमी होते. स्त्रिया बहुतेक जवादच्या नजरेतूनच भेटतात. सादावींची पत्रकाराची उपकथा रेंगाळते. तरीही दोघेही मृताला आधी माणूस मानतात, मग मुसलमान, शिया, सुन्नी किंवा ख्रिस्ती.

१९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. मराठी साहित्यातला मुसलमान एकतर नवाब असतो नाहीतर खलनायक, शेजारचा माणूस नसतो, ही आपली जुनी तक्रार आहे आणि ती रास्त आहे. मग दूरच्या युद्धातल्या माणसालाही आपण प्रतीक करून कसे चालेल? बगदादवर कविता जरूर लिहाव्यात. पण त्यात एखादा तरी जवाद असावा, त्याच्या हाताला काफुराचा वास असावा.