कृपया एकेकानेच उभे राहावे

कोणाकडे वडिलोपार्जित घर असते, कोणाकडे रानातला तुकडा असतो. माझ्याकडे एक विनोद होता. तो असा : आमची सौ. लातूरच्या बसस्थानकावर वजनकाट्यावर उभी राहिली. नाणं टाकलं. चाक गरगरलं, दिवे लुकलुकले आणि खालून तिकीट पडलं. त्यावर छापलं होतं, 'कृपया एकेकानेच उभे राहावे.'

हा विनोद माझा नव्हे, हे वाचकांनी ओळखलंच असेल. महाराष्ट्रात पहिला वजनकाटा ज्या गाडीने आला, त्याच गाडीने तोही आला असावा. पण ठेव मूळची कोणाची, यापेक्षा ती कोणाच्या खात्यात दिसते याला आमच्या धंद्यात महत्त्व. पंधरा वर्षं ती माझ्या खात्यात होती आणि नांदेड ते लातूर जेवढ्या शाखांत माझी बदली झाली, तेवढ्या शाखांत मी तिच्यावर व्याज खाल्लं. निरोप समारंभ असो, कोजागिरी असो, माईक माझ्या हाती आला की सौ. काट्यावर चढलीच! ती बिचारी समोरच्या रांगेत बसलेली असे आणि तोंडाला पदर लावून हसे. "बघा, वहिनीबी हसायल्यात," असं कोणीतरी म्हणे. झालं! विनोदावर खातेदाराची सही मिळाली.

गेल्या दिवाळीनंतर मात्र हे खातं तपासायची वेळ आली. का आली, ते पुढे सांगतो. आधी तपासणी.

मी कॉमर्सचा पदवीधर. साहित्याची समीक्षा कशी करतात ते मला ठाऊक नाही. हिशेब जुळला नाही की एकेक नोंद बदलून पाहायची, एवढंच आम्हाला शिकवलेलं. म्हणून मी विनोदातली 'सौ.' खोडली आणि तिथं 'साहेब' लिहिलं. आमच्या साहेबांचं वजन सौ.पेक्षा सहज तीस किलोने अधिक असेल. म्हणजे विनोद तीस किलोने अधिक चांगला व्हायला हवा. पण पंधरा वर्षांत तो कोणी सांगितल्याचं ऐकलं नाही. मी तर नाहीच नाही; मला बढती हवी होती. तेव्हा लोक वजनाला हसत होते, हे काही खरं नव्हे. ज्याला हसलं तर रजा नामंजूर होत नाही, त्याला हसत होते.

नांदेडला आमच्या शाळेत एक मुलगी होती. अंगाने थोराड, गणितात पहिली. तिचं नाव आज मला आठवत नाही, कारण सगळी शाळा तिला 'टुणटुण' म्हणत असे. तशी एक टुणटुण त्या काळी गावोगावच्या शाळांत असायची. पण खरी टुणटुण कोण, हे आम्हा पोरांना कुठे ठाऊक होतं? तिचं नाव उमादेवी. उत्तर प्रदेशातून मुंबईला आलेली पोरकी मुलगी. नौशादसारख्या संगीतकाराने तिला गायला लावलं आणि 1947 च्या 'दर्द'मधल्या तिच्या गाण्याने देश वेडा झाला. 1950 च्या 'बाबुल'पासून ती पडद्यावर विनोदी भूमिका करू लागली. पुढे कित्येक वर्षं तिने एवढंच करायचं : दारातून आत यायचं आणि कोणावर तरी पडायचं. बाई कसलेली होती, आलेल्या कामाचं तिने सोनं केलं, यात शंका नाही. पण 2003 मध्ये ती गेली तेव्हा, ही एकेकाळी गात होती, हे पुष्कळांना पेपरात वाचून कळलं. मीही त्यांतलाच. ते गाणं मी लहानपणापासून रेडिओवर ऐकत होतो, आणि ज्या बाईचं गाणं ऐकत होतो तिच्याच नावाने वर्गातल्या मुलीला चिडवत होतो.

आता कोणी म्हणेल, तुम्ही हसायचीच बंदी करता की काय? तसं नाही हो. नांदेडहून लातूरकडे यायला लागलं की लोह्याच्या पुढे माळेगाव लागतं. तिथल्या खंडोबाच्या यात्रेत तमाशाचे फड उतरतात, लावणी महोत्सव भरतो. तमाशातली गवळण ज्यांनी पाहिली त्यांना मावशी माहीत आहे. पुरुषच लुगडं नेसून उभा असतो. कृष्ण आणि पेंद्या गौळणींची वाट अडवतात, आणि मावशी दोघांना असं काही सुनावते की अडवणाऱ्यांचीच भंबेरी उडते. बोलणं काही सोवळं नसतं. माझ्या आत्यासमोर मला ते ऐकवणार नाही. पण शेवटचा शब्द मावशीचा असतो. 'चार्लीज आंट' या 1892 च्या इंग्रजी नाटकावरून अत्र्यांनी केलेली 'मोरूची मावशी' घ्या. विजय चव्हाणांची मावशी पाहताना पोट दुखेपर्यंत हसलो. तिथं आपण हसतो ते लुगड्यात सापडलेल्या पुरुषाच्या फजितीला.

आणि आता दूरदर्शन संचावर रोज रात्री काय दिसतं? गडी साडी नेसतो, इथपर्यंत परंपरा. मग पुढे-मागे उश्या भरतो, ओठांना भडक रंग फासतो, दोन पावलं चालतो आणि लोक हसतात. संवाद अजून सुरूच व्हायचाय! मावशीला जीभ होती; हिला नुसत्या उश्या आहेत. लेखकाला तेवढी विश्रांती मिळत असावी. द्व्यर्थी बोलण्यासाठी दादा कोंडक्यांना आपण नावं ठेवली, पण दादांना निदान वाक्य रचावं लागे, आणि ते कुठे तोडायचं हे कळावं लागे.

उश्यांचं हसण्यावारी नेता येईल, पण छापील पुस्तकाचं काय करायचं? 2017 मध्ये राज्य मंडळाच्या बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकावरून गदारोळ झाला होता. हुंड्याच्या कारणांत तिथं मुलीच्या कुरूपतेची गणना केली होती. मुलगी कुरूप वा अपंग असेल तर लग्न जमत नाही आणि वरपक्ष जास्त हुंडा मागतो, असा मतलब. म्हणजे पैसे मागणाराचा लोभ हे कारण नव्हे, देणाऱ्याच्या लेकीचं नाक हे कारण! कर्जबुडव्याऐवजी ठेवीदाराला नोटीस धाडण्यासारखं हे झालं. ओरड झाल्यावर तो मजकूर काढायचं सरकारने जाहीर केलं. पण तोवर पोरींनी तो पाठ करून उत्तरपत्रिकेत लिहिला असेल, त्याला मार्कही पडले असतील.

तर दिवाळीनंतरची गोष्ट. सौ. वर्ष-दीड वर्ष दमलेली असायची. दुपारी झोप, केस गळतात, तोंडावर सूज. "दवाखान्यात चल," म्हटलं की "पुढच्या आठवड्यात जाऊ." शेवटी एक दिवस मी जरा चढ्या आवाजात विचारलं, तेव्हा ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तिथं आधी काट्यावर उभं करतेत. अन् तो कंपाउंडर आकडा मोठ्यानं वाचतो. बाकावर बसलेले सगळे बघतेत."

"मग बघू दे की!"

"बघतेत, अन् हसतेत." मग तवा उतरवून म्हणाली, "तुमाला काय, तुमचा तर विनोद तयारच हाय."

भाकरी छान फुगली होती. मी ती तशीच ताटात ठेवून बसलो. तिला आणखी काही बोलायचं नव्हतं आणि मला काही सुचत नव्हतं. हे माझ्या बाबतीत क्वचित घडतं.

थायरॉईड निघालं. रक्त तपासलं, सकाळी उपाशीपोटी घ्यायची एक बारीक गोळी मिळाली. डॉक्टर म्हणाले, "आधी का नाही आलात?" सौ.ने माझ्याकडे पाहिलं नाही. तेवढं तिने मला सांभाळून घेतलं.

मार्चअखेरीनंतर शाखेत स्नेहभोजन होतं. बायकामुलं होती. साहेबांनीच फर्माईश केली, "तो काट्याचा होऊन जाऊ द्या!" मी माईक घेतला. लातूरचं बसस्थानक आलं, नाणं पडलं, दिवे लुकलुकले. फक्त काट्यावर साहेब होते. तिकीट बाहेर पडलं आणि इतकी शांतता झाली की पंख्याचा खडखडाट ऐकू यायला लागला. मग बायकांच्या रांगेतून एकटंच हसू फुटलं, चांगलं मोकळं, टाळी देऊन. आमच्या सौ.चं नव्हे. साहेबांच्या मिसेसचं.

दुसऱ्या दिवसापासून फाटक्या नोटा बदलून द्यायचं काउंटर माझ्याकडे आलं. सध्या मी तिथंच असतो. डाव्या हाताला, पाण्याच्या माठाशेजारी.