बस फॅक्टर आणि एक्सझेड : माणसे मोजून जोखीम कळते का?

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमधील जोखीम शिकवताना 'बस फॅक्टर' ही संकल्पना हमखास येते. प्रकल्पातील किती माणसे एकाएकी नाहीशी झाली (मूळ कल्पनेत ती बसखाली येतात) तर काम ठप्प होईल, ती संख्या म्हणजे बस फॅक्टर. एक असेल तर धोका मोठा. संख्या वाढेल तसा धोका कमी. लक्षात ठेवायला सोपे, परीक्षेत लिहायला त्याहून सोपे. माझा आक्षेप असा की ही मोजपट्टी माणूस जाण्याचा धोका मोजते, माणूस येण्याचा मोजत नाही.

मोजपट्टी निरुपयोगी आहे असे नव्हे. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधील हार्टब्लीड हा दोष उघड झाला. इंटरनेटवरील सुरक्षित देवाणघेवाणीचा मोठा भाग ज्या लायब्ररीवर उभा होता, तिच्यासाठी पूर्ण वेळ काम करणारा विकसक तेव्हा एकच होता, आणि दोष दोन वर्षे तसाच पडून होता. पुढे लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने मोठ्या कंपन्यांनी निधी दिला, माणसे वाढली. तेथे निदानही बरोबर होते आणि उपायही. त्यातून सर्वांनी घेतलेला धडा एवढाच : प्रकल्प एकट्याच्या हाती राहू देऊ नका.

एक्सझेड युटिल्सचे प्रकरण हा धडा समोर ठेवून वाचायला हवे. हे फाइल कॉम्प्रेस करण्याचे साधन. त्यातील लिबएलझेडएमए ही लायब्ररी बहुतेक लिनक्स वितरणांत असते. लासे कॉलिन ती वर्षानुवर्षे विनामोबदला, स्वतःच्या फावल्या वेळात सांभाळत होते. म्हणजे बस फॅक्टर एक. २०२१ च्या अखेरीस 'जिया टॅन' या नावाने कोणीतरी पॅच पाठवू लागले. पॅच कामाचे होते. २०२२ मध्ये आणखी काही नावांनी तक्रारी सुरू झाल्या, की काम रेंगाळते आहे, दुसरा देखभालकर्ता घ्या. ही नावेही बनावट असावीत, असे आज मानले जाते. हळूहळू टॅनला थेट बदल करण्याचा अधिकार मिळाला, आणि २०२३ मध्ये त्या नावाने आवृत्त्याही प्रकाशित होऊ लागल्या.

एकाचे दोन झाले. कोणत्याही मूल्यमापनाच्या तक्त्यात त्या वर्षी एक्सझेडची प्रकृती सुधारलेलीच दिसली असती! फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत बॅकडोर होते. विशिष्ट गुप्त किल्ली असणाऱ्याला एसएसएचमार्गे दुसऱ्याच्या यंत्रावर आज्ञा चालवता आल्या असत्या.

येथे 'स्रोत खुला असतो, कोणीही तपासू शकतो' हे आपले आवडते वाक्यही तपासून घ्यावे. घातक भाग चाचणीसाठीच्या बायनरी फाइलींत दडवलेला होता. त्याला जागे करणारी स्क्रिप्ट रेपॉझिटरीत नव्हतीच, ती फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये होती. रेपॉझिटरी ओळ न् ओळ वाचणाऱ्यालाही ती सापडली नसती. शिवाय ओपनएसएसएच स्वतः ही लायब्ररी वापरत नाही. काही वितरणांनी सिस्टिमडीशी जुळवण्यासाठी त्यात बदल केला होता आणि त्या वाटेने ती आत आली. हे अवलंबित्व एक्सझेडची माणसे मोजून कोणाला दिसले असते?

शोध लागला तोही कोणत्या लेखापरीक्षणातून नव्हे. पोस्टग्रेसचे विकसक आंद्रेस फ्रॉइंड आपल्या यंत्रावर वेगाची मोजमापे घेत होते. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, म्हणून ते खणत गेले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी ते जाहीर केले. तोवर या आवृत्त्या डेबियन, फेडोरा यांच्या मुख्यतः चाचणी शाखांतच पोहोचल्या होत्या.

कॉलिन यांना दोष देणारे लेखन मला पटत नाही. त्यांनी कोणालाच जवळ केले नसते तर 'प्रकल्प अडवून बसलेला माणूस' म्हणून त्यांच्याकडेच बोट दाखवले गेले असते. सातत्य म्हणते किल्ली दुसऱ्याला द्या, सुरक्षा म्हणते देऊ नका. ही ओढाताण खरी आहे, आणि बस फॅक्टर तिच्यावर एक आकडा ठेवून ती झाकतो. त्यापेक्षा प्रकल्प निवडताना विचारा : आवृत्ती प्रकाशित करण्याचा अधिकार कोणाकडे आहे? टारबॉल आणि रेपॉझिटरी जुळतात का, हे तिसरा कोणी पाहतो का? नवी आवृत्ती न घेता आपण किती दिवस काढू शकतो? आणि हे काम करणाऱ्याला त्याचे पैसे कोण देतो? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'कोणीच नाही' असे येते, म्हणून तो विद्यार्थ्यांच्या अहवालांत सहसा गाळलेला असतो.

फोर्क करता येतो, हा परवान्याचा दिलासाही माणसांवरच टेकलेला आहे. २०१० मध्ये ओपनऑफिसमधून लिब्रेऑफिस निघाले ते टिकले, कारण आधीपासून तेच काम करणारी मंडळी एकत्र बाहेर पडली होती. एक्सझेडला अशी मंडळीच नव्हती. मे २०२४ मध्ये बॅकडोर काढून टाकलेली ५.६.२ आवृत्ती आली, तीही लासे कॉलिन यांनीच प्रकाशित केली.