लिआंग तेबोची नडगी

बोर्निओ बेटावर, पूर्व कालिमांतानच्या चुनखडीच्या डोंगरांत लिआंग तेबो नावाची गुहा आहे. २०२० साली इंडोनेशियन आणि ऑस्ट्रेलियन पुरातत्त्वज्ञांना तिथे सुमारे ३१ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं. मृत्यूच्या वेळी वय एकोणीस-वीस. सांगाडा बराचसा शाबूत, पण डावं पाऊल नाही आणि नडगीचा खालचा भागही नाही.

पुरलेल्या सांगाड्यातलं एखादं हाड नाहीसं होणं नवलाचं नव्हे. इथे मात्र उरलेल्या नडगीचं टोक पाहिलं की शंका मिटते. तिथे नवं हाड भरून आलं आहे, मज्जेची पोकळी मिटली आहे. हे जिवंत शरीरातच घडतं आणि त्याला बराच काळ लागतो. मला त्याहूनही बोलकी वाटते ती या हाडाची चण. उजवा पाय मोठ्या माणसाचा. डाव्या नडगीची वाढ मात्र लहानपणीच खुंटलेली. पाय गेला तेव्हा हे मूल होतं, आणि त्यानंतर ते सहा ते नऊ वर्षं जगलं, असा अभ्यासकांचा हिशेब आहे.

खरा कस लागतो तो हाडावर नसलेल्या खुणा वाचताना. दरड अंगावर येऊन किंवा एखाद्या जनावराच्या जबड्यात सापडून पाय तुटला असता, तर हाड चिरडलेलं, फुटलेलं दिसलं असतं. ते तसं नाही. जखम चिघळून पू हाडापर्यंत गेल्याचीही खूण नाही. म्हणून टिम मलोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली ‘नेचर’मध्ये मांडलं की हा पाय जाणूनबुजून, जीव वाचवण्यासाठी कापला गेला. तोवर अशी सर्वांत जुनी ज्ञात शस्त्रक्रिया फ्रान्समधल्या, सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या एका शेतकऱ्याच्या हातावरची होती. शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगणाऱ्यांना हे जमत असेल, असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. या हाडाने तो समज मोडला याचा मला मनापासून आनंद आहे.

त्या नितळ टोकाशी माणसांची गर्दी आहे. कुणी मुलाला घट्ट धरलं असेल, कुणी रक्त थांबवलं, कुणी जखम पुन्हा पुन्हा धुतली. कोणता पाला वापरला, हे हाड सांगत नाही.

मानववंशशास्त्रज्ञ कॅथरीन डेटवायलर यांनी १९९१ साली बजावलं होतं की अपंग माणूस जगला एवढ्यावरून समाजाची करुणा सिद्ध होत नाही. इराकमधल्या शानिदार गुहेतला निअँडरथल पुरुष त्यांच्यासमोर होता: उजवा हात निकामी, डाव्या डोळ्यापाशी जबर मार, चाल लंगडी, तरी चाळिशीच्या आसपास पोचलेला. अशा माणसाला सरसकट परावलंबी ठरवणं हा आपलाच पूर्वग्रह, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. लिआंग तेबोतलं मूलही पुढे एका पायावर डोंगर चढायला शिकलं असेल, घरच्यांच्या कामाला लागलं असेल. पण पाय कापल्यानंतरचे पहिले आठवडे निराळे. ज्यांनी सांभाळलं त्यांच्या मनात माया होती की कर्तव्य, हे कुठल्याही हाडातून निघणार नाही. पण त्या आठवड्यांत मुलाला प्यायचं पाणीसुद्धा दुसऱ्या कुणीतरी आणून दिलं असणार.