बावन्न, पन्नास दोन आणि पाचशे दोन

राजुऱ्याहून जिवतीच्या पहाडाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील एका गावात, प्राथमिक शाळेच्या दुसरीच्या वर्गात बसण्याची संधी आम्हाला मध्यंतरी मिळाली. गुरुजी संख्या सांगत होते आणि मुले पाटीवर लिहीत होती. 'बावन्न' म्हटल्यावर काही पाट्यांवर ५२ उमटले, काहींवर २५. गुरुजींनी सुधारणा केली, "अरे, बावन्न म्हणजे पन्नास दोन!" त्याबरोबर पुढच्या रांगेतील एका मुलीने आपले २५ पुसले आणि मोठ्या आत्मविश्वासाने ५०२ लिहिले.

वर्गात थोडा हशा झाला. आम्ही मात्र त्या ५०२ चा विचार करीतच परतलो. कारण गेली काही वर्षे संख्यांच्या नावांवरून जो वाद आपल्याकडे झाला, त्यात दोन्ही बाजूंच्या नजरेतून सुटलेली गोष्ट त्या पाटीवर होती.

हा वाद वाचकांना आठवत असेल. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीचे दुसरीचे गणिताचे नवे पुस्तक शाळांत पोचले. त्यात एकवीसच्या पुढील संख्या दोन प्रकारे वाचायला दिल्या होत्या : एकवीस आणि वीस एक, त्रेसष्ट आणि साठ तीन, ब्याण्णव आणि नव्वद दोन. गणित विषय समितीच्या अध्यक्ष त्या वेळी डॉ. मंगला नारळीकर होत्या. आपल्या संख्यानामांतील जोडाक्षरे मुलांना जड जातात, शिवाय बोलण्याचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम उलटा असल्याने गोंधळ होतो. कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळम या भाषांत आणि इंग्रजीतही आधी दशक आणि मग एकक बोलतात, असा त्यांचा मुद्दा होता. जुनी नावे काढून टाकलेली नाहीत, हेही त्या सांगत होत्या. पण तोवर मराठी बुडाल्याची हाकाटी सुरू झाली होती. विधिमंडळात तर आडनावातील 'वीस'वरही कोट्या झाल्या. या सगळ्यात दुसरीतले मूल नेमके कुठे अडते, हा प्रश्न फारच थोड्यांनी विचारला.

आम्हीही त्या थोड्यांत नव्हतो, हे आधीच कबूल करतो. त्या वेळी प्रयोगशाळेतील चहाच्या टेबलावर आम्ही नव्या नावांच्या बाजूने हिरिरीने बोललो होतो, आणि तेही एकाही वर्गात पाऊल न टाकता. आमचे समर्थन साध्या हिशेबावर उभे होते. एक ते दहा ही दहा नावे, अकरा ते एकोणीस ही नऊ, आणि वीस, तीस अशी नव्वदपर्यंतची आठ. एवढ्या २७ शब्दांत नव्या पद्धतीने नव्याण्णवपर्यंतची कोणतीही संख्या सांगता येते. जुन्या पद्धतीत त्यांखेरीज आणखी ७२ नावे लागतात, आणि ती जवळजवळ एकेक करून पाठ करावी लागतात. हिशेब बरोबर आहे. पण तो पुरा नाही.

आधी जुन्या नावांतील अडचण नीट पाहू. बावीस, बत्तीस, बेचाळीस, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव या सगळ्यांत दोन आहेत, पण 'दोन' हा शब्द एकातही नाही. (पाढ्यातील 'बे' ओळखीचा असतो, एवढाच आधार.) दशकही वेष पालटून येतो. पन्नासचा 'वन्न' होतो किंवा 'पन्न', सत्तरचा 'हत्तर', नव्वदचा 'ण्णव'. संस्कृत व प्राकृतातून येताना शेकडो वर्षांत झिजलेले हे शब्द आहेत. भाषेच्या अभ्यासकाला ती मेजवानी वाटेल. सात वर्षांच्या मुलाला वाटणार नाही. भरीला 'एकोण' आहेच. एकोणसत्तर म्हणताना कानावर सत्तर पडते आणि लिहायचे असतात सहा व नऊ. मूल ७९ लिहिते ते याच कारणाने. बरे, हा नियम तरी शेवटपर्यंत टिकावा! एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत तो चालतो आणि नव्याण्णवला सोडून देतो.

क्रमाचा घोळ तर याहून मजेदार आहे. संस्कृतातील एकविंशतीमध्ये एकक आधी, तोच वारसा मराठीने चालवला. पण शतक मात्र आपण सर्वांत आधी बोलतो. ३६५ हे 'तीनशे पासष्ट' म्हणून सांगताना आपण आधी तीन, मग पाच आणि शेवटी सहा उच्चारतो. म्हणजे पहिला अंक, मग तिसरा, मग दुसरा. मोठ्यांना हे जाणवत नाही, कारण त्यांच्या मनात 'पासष्ट' हे एकसंध चित्र असते. मुलाच्या मनात ते अजून तयार व्हायचे असते.

आता हे मूल राजुऱ्याकडचे आहे, हे लक्षात घ्या. राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्य बदलले तरी माणसे तीच राहिली. इथे घरात गोंडी किंवा कोलामी बोलणारी मुले आहेत, तेलुगू बोलणारी आहेत, कोळसा खाणी व सिमेंट कारखान्यांच्या निमित्ताने आलेल्या हिंदी भाषकांची आहेत आणि वऱ्हाडी वळणाची मराठी बोलणारीही आहेत. गोंडी मूल उंदी, रंड, मुंड असे मोजायला घरी शिकते. तेलुगू मूल एकवीसला 'इरवै ओकटि' म्हणते, म्हणजे वीस एक. आणि एकोणऐंशीला 'डेब्भै तोम्मिदि', म्हणजे सत्तर नऊ. ज्या 'पन्नास दोन' पद्धतीने पुण्या-मुंबईत मराठी बुडणार होती, ती पद्धत राजुऱ्याच्या आठवडी बाजारात दुसऱ्या भाषेत रोज ऐकू येते.

जिवती तालुक्यातील सीमावादात अडकलेल्या १४ गावांत तर हा प्रश्न समोरासमोर उभा राहतो. हा भाग पूर्वी राजुरा तालुक्यातच होता. या गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा ही दोन्ही राज्ये आपला हक्क सांगत आली आहेत, आणि इथे मराठी व तेलुगू अशा दोन्ही माध्यमांच्या शाळा चाललेल्या आहेत. एकाच गावातील दोन मुले, एक इकडे आणि एक तिकडे. पहिल्याला ७२ नावे जास्त पाठ करायची आहेत. कुणा संशोधकाने मुद्दाम आखावा असा हा प्रयोग इथे आपोआप घडत आला आहे. त्याचे निकाल पद्धतशीरपणे नोंदले गेले, तर आपल्या चर्चेला थोडे वजन येईल.

बाहेरच्या जगात अशी उदाहरणे आहेत. नॉर्वेत पूर्वी आपल्यासारखेच 'दोन आणि वीस' म्हणत. टेलिफोनवर क्रमांक सांगताना चुका होतात म्हणून तिथल्या संसदेने क्रम बदलला आणि १९५१ पासून शाळा व सरकारी व्यवहार 'वीस दोन' असे म्हणू लागले. नॉर्वेची भाषा बुडाली नाही. पण जुनी पद्धतही पुरती गेली नाही. आजही अनेक जण घरगुती बोलण्यात ती वापरतात.

चिनी भाषेत तर अकरालाही 'दहा एक' म्हणतात. केव्हिन मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये चिनी व अमेरिकी बालकांची तुलना प्रसिद्ध केली. दहापर्यंत म्हणण्यात फरक नव्हता. अकराच्या पुढे अमेरिकी मुले मागे पडली. नव्या नावांचे समर्थक इथवर सांगतात आणि थांबतात. त्याच अभ्यासात पुढे असे दिसले, की समोरच्या वस्तू मोजण्याची तत्त्वे पाळण्यात किंवा साधी उदाहरणे सोडवताना ती वापरण्यात दोन्हीकडच्या मुलांत फरक नव्हता. फरक होता तो संख्यांची नावे ओळीने म्हणण्यापुरता.

हे वाचल्यावर आम्हाला पाटीवरचे ५०२ पुन्हा आठवले. ती मुलगी चुकली कुठे? तिने जसे ऐकले तसे लिहिले : पन्नास, आणि त्याच्या पुढे दोन. बोलण्यात 'पन्नास' हा अख्खा शब्द राहतो. लिहिताना मात्र पन्नासातील शून्याने उठून दोनला जागा द्यायची असते. हा लेखनाचा संकेत आहे, तो कोणत्याही नावातून ऐकू येत नाही; 'बावन्न'मधून नाही आणि 'पन्नास दोन'मधूनही नाही. मोठ्या संख्या लिहिताना इंग्रजी माध्यमाची मुले हीच चूक करतात, 'हंड्रेड फाइव्ह'चे १००५ करतात. तेव्हा नावे सरळ केल्याने उलट्या क्रमाची चूक जाईल, पण स्थानिक किंमत आपोआप येणार नाही.

तरीही आम्ही ५०२ या चुकीला २५ पेक्षा वरचे गुण देऊ. २५ लिहिणाऱ्याला एवढेच कळले, की यात कुठेतरी दोन आणि पाच आहेत. ५०२ लिहिणारीला ही संख्या पन्नास आणि दोन यांची बनली आहे हे कळले आहे. ते दोन भाग कागदावर कसे बसवायचे एवढेच राहिले आहे. नव्या नावांनी मुलाला अर्ध्या वाटेवर नेऊन सोडले, आणि पुढच्या अर्ध्या वाटेबद्दल त्या वादात कुणी बोललेच नाही. नावांची एक यादी पाठ होती, तिथे दोन याद्या पाठ करून घेतल्या, तर त्या सुधारणेचा मुलांवर नुसता बोजा होतो. 'बावन्न म्हणजे पन्नास दोन' असे गुरुजींनी सांगितले त्यात त्यांचा दोष नाही. ते पुस्तकाप्रमाणेच होते.

विरोधकांच्या म्हणण्यात एक मुद्दा मात्र खरा होता. सात साते एकोणपन्नास, या पाढ्याची लय 'सात साते चाळीस नऊ' म्हटल्यावर मोडते. कापसाचा भाव, एसटीचे तिकीट, दुकानदाराची बेरीज हे सगळे जुन्या नावांनी चालते आणि चालणार. मुलाला जुनी नावे यायलाच हवीत. प्रश्न आधी काय आणि नंतर काय एवढाच आहे. हजेरीपटावर एक नाव आणि घरी दुसरे, असे प्रत्येक मुलाचे असते आणि त्यात कुणाचा गोंधळ होत नाही. कारण ज्याची ती नावे, तो समोर उभा असतो. संख्येचेही तसेच आहे. पन्नास आणि दोन वस्तू आधी हातात याव्यात, मग त्यांना दोन नावे असली तरी बिघडत नाही.

आणि वस्तू राजुऱ्याकडे भरपूर आहेत. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. आपल्याकडे एका पुडक्यात ७० पाने बांधतात आणि अशा हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी होते. (शेजारच्या मध्य प्रदेशात पुडके ५० पानांचे असते.) घरातली मुले या कामात हात लावतातच. आम्ही त्या वर्गातल्या मुलांना विचारले, सत्तर पाने कशी मोजता? एक मुलगा म्हणाला, दहाचे सात ढीग. हा मुलगा गुरुजींच्या यादीत 'कच्चा' होता. दशक म्हणजे काय, हे त्याला घरी माहीत होते आणि शाळेत माहीत नव्हते. असे 'कच्चे' शिक्के घेऊन मुले चौथीत पोचतात, हातच्याच्या वजाबाकीत अडकतात, आणि मग गणित आपल्याला येत नाही हे स्वतःच ठरवून टाकतात.

शिक्षकमित्रांना एक छोटा प्रयोग सुचवतो. २७, ३९, ४६, ५२, ६३, ६९, ७४, ७९, ८५, ९२ या संख्या मुलांना सांगून लिहून घ्याव्यात. अर्ध्या वर्गाला आधी जुन्या नावांनी आणि चार दिवसांनी नव्या नावांनी, उरलेल्या अर्ध्याला उलट क्रमाने. ३३, ४४, ५५ घेऊ नयेत, त्यांत उलटापालट झाली तरी दिसत नाही. नुसते गुण देऊ नयेत. क्रम उलटा झालेल्या, 'एकोण'ने फसवलेल्या, सत्तावीसच्या जागी सदतीस ऐकलेल्या आणि मध्ये शून्य घातलेल्या अशा चुका वेगवेगळ्या मांडाव्यात. घरी कोणती भाषा बोलतात, तेही पुढे लिहावे. तीस मुलांच्या वर्गाला एक तास पुरतो. २०१९ च्या वादात अशी दहा-वीस शाळांची टिपणे पुढे आली असती, तर निम्मी भाषणे झालीच नसती.

जाता जाता गुरुजींनी आणि आम्ही जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूची पत्ती कापली. लांब पत्त्यांवर १०, २० ते ९०, आणि त्यांच्या निम्म्या रुंदीच्या पत्त्यांवर १ ते ९. त्या मुलीला ५० आणि २ दिले. तिने आधी ते शेजारी शेजारी ठेवले. पुन्हा ५०२ झाले. गुरुजींनी २ ची पत्ती उचलून ५० मधल्या शून्यावर ठेवली. तिने ते बराच वेळ पाहिले. मग २ ची पत्ती हळूच उचलून, खाली शून्य अजून आहे ना, हे तपासले आणि परत ठेवली. त्यानंतर आम्ही सांगायच्या आधीच तिने ८० आणि ५ ची पत्ती मागितली.